काळजी नसावी, एक घोट!

मास्तर दुकानात पाणी पीत नसत. हे काही व्रत नव्हतं. त्यांच्या शिवणकामाच्या दुकानात दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल आणि एक उभा आरसा एवढंच मावायचं. मुतारी होती गल्लीच्या पार टोकाला. माप घेताना मधेच तिकडे धावायचं, तर गिऱ्हाईक हात पसरून उभं राहणार. त्यापेक्षा घशाला कोरड बरी, असा हिशेब त्यांनी कधीतरी केला आणि वर्षानुवर्षं पाळला. (कापडाचा हिशेब ते कधी चुकले नाहीत. देहाचा मात्र साफ चुकला.)

मूत्रपिंडात खडा निघाला.

"लहान आहे, भरपूर पाणी प्या, पडून जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढच्या सोनोग्राफीत दिसला, तर मात्र दुर्बिणीने काढावा लागेल."

"भूल देऊन?" मास्तरांनी चाचरत विचारलं.

"न देता काढू का?"

जन्मभर कात्री चालवलेल्या माणसाने दुसऱ्याच्या हातातल्या हत्याराला किती घाबरावं! पण घाबरूनही पाणी घशाखाली उतरेना. बायको भरलेला तांब्या समोर ठेवायची, मास्तर "पितो गं" म्हणून चिमणीसारखी चोच बुडवायचे, आणि तांब्या होता तसाच. तिने विनवलं, रागावून पाहिलं, अबोलाही धरला. (अबोला मास्तरांना मानवला.)

अशात हॉस्टेलवरच्या मुलीने फोनवर एक खेळ सांगितला. अंतराळातली एक विनोदी मालिका लागते. ती बघताना ठरावीक गोष्ट घडली, की सगळ्यांनी घोट घ्यायचा.

"तुम्ही काय पिता गं?"

"सरबत," मुलगी म्हणाली. पण जरा थांबून म्हणाली. त्या थांबण्याचा समाचार सुट्टीत घ्यायचा ठरवून बायकोने नियम उतरवून घेतले.

मालिकेत एक मोडकं मालवाहू यान होतं. त्याचा कप्तान "काळजी नसावी" म्हणाला, की एक घोट. कारण लगेच काहीतरी पेटायचंच. स्वयंपाकी रोबो रुसला, की दोन. आणि यानाचं दार अडकून कप्तान आतून "दार उघडा!" असं ओरडला, की अख्खा ग्लास.

पहिल्या संध्याकाळी मास्तर प्यायलेच नाहीत. ते कप्तानाचा कोट बघत होते.

"अगं, हा खांदा बघ. मघाशी शिवण पुढे होती, आता मागे गेली! आणि निघालाय ताऱ्यांवर, काखेत केवढी ओढ!"

"अहो, घोट राहिला तुमचा."

"कॉलर कुणी बसवली ही? आंधळ्याने?"

बायकोने तिथल्या तिथे नवा नियम काढला. शिवणीला नावं ठेवली, की अर्धा ग्लास. मास्तरांनी तोंड आवरायचा खूप प्रयत्न केला. पण कप्तानाच्या पॅन्टचा एक पाय आखूड होता. माणूस सोसून सोसून किती सोसणार? तांब्या रिकामा झाला.

सासरे समोरच्याच घरात राहायचे. दारूबंदीसाठी हयात घालवलेला माणूस. एका संध्याकाळी त्यांच्या कानावर पोटच्या मुलीचा आवाज आला, "प्या म्हणते ना! काल तर तीन ग्लास रिचवलेत!" मागोमाग जावयाचा, "अगं, आता पोट फुटेल!"

सासरे तीरासारखे आत आले.

"लाज नाही वाटत? नवऱ्याला पाजतेस?" त्यांनी ग्लास हिसकावला, हुंगला, जिभेवर थेंब घेतला. "हे तर पाणी आहे."

"पाणीच आहे, बाबा."

"मग एवढा तमाशा कशाला?"

तिने सगळं सांगितलं. सासरे संशयाने खुर्चीच्या कडेवर टेकले. पण भाग अर्धा झाला नाही, तोच ओरडले, "रोबो रुसला! जावईबापू, दोन घोट!" दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःचा ग्लास आणि टोस्टचा पुडा घेऊन येऊ लागले.

पाणी भरपूर जाऊ लागलं. खडा मात्र हलेना. डॉक्टरीणबाईंनी लघवी फडक्यातून गाळायला सांगितलं होतं. मास्तरांनी त्यासाठी मलमलीचं फडकं चारी बाजूंनी नाजूक दुमडून शिवलं होतं. (अशी टीप ते फक्त लग्नाच्या कपड्यांना घालायचे.)

सोनोग्राफीच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांच्या तोंडावर सुतक होतं. ऐन रंगात आलेला भाग सोडून ते फडकं घेऊन बाथरूमकडे गेले. आणि आतली कडी अडकली.

"दार उघडा! अहो, दार अडकलंय!"

इकडे टीव्हीवर कप्तानही नेमका अडकला होता. बायकोने आणि सासऱ्यांनी मुकाट्याने अख्खा ग्लास संपवला.

"आज फार जीव तोडून ओरडतोय," सासरे म्हणाले. "अभिनय सुधारला बुवा."

"बाबा! अहो बाबा, ऐका ना!"

"बापही आहे वाटतं याचा यानात."

त्यांनी दुसरा ग्लास भरला.

आत मास्तर दाराला खांदा लावून ढकलत होते. तेवढ्यात पोटात जीवघेणी कळ आली. दार राहिलं बाजूला. त्यांनी घाईने फडकं धरलं. थोड्या वेळाने घर दणाणलं.

"पडला! पडला!"

"कोण पडला?" सासऱ्यांनी टीव्हीकडे पाहिलं. कप्तान तर दोन पायांवर उभा होता. मग मात्र दोघं धावली.

सासऱ्यांनी पेचकसाने कडी उचकटली. मास्तर दोन्ही तळहातांवर फडकं धरून, घामाने निथळत बाहेर आले.

"एवढासा?" सासरे चष्मा सरकवत म्हणाले. "मला वाटलं, निदान बटणाएवढा तरी असेल."

"आतून फार मोठा होता, बाबा," मास्तर दुखावल्या सुरात म्हणाले.

खडा कागदावर ठेवला. मास्तरांचा घाम बघून बायकोने पंखा लावला, आणि कागद उडाला. तिघंही गुडघ्यांवर रांगत शोधू लागली. वर कप्तान "काळजी नसावी" म्हणाला. कोणी घोट घेतला नाही. शेवटी टेबलाच्या पायाशी तो बायकोला सापडला. मास्तरांनी तो एका डबीत, कापसाच्या गादीवर निजवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "खडा गेला. आता काही करायला नको." बायकोने पदर डोळ्यांना लावला. मास्तरांनी छाती पुढे काढून डबी उघडली.

"हा बघा. सोडला नाही मी त्याला."

बाईंनी भिंग लावून निरखलं. पुन्हा निरखलं. मग चिमट्याने जरासं दाबलं. त्याचा भुगा झाला.

"मास्तर," त्या हळुवारपणे म्हणाल्या, "हा टोस्टचा चुरा आहे."