चष्म्याच्या घरात जपानी गाडी

चष्मेवाल्यांनी दुकानामागच्या खोलीत टॅक्सीवाल्याच्या नाकावर डोळे तपासायची जड फ्रेम चढवली, तिच्यात एक काच सरकवली आणि समोरच्या पाटीवरची सगळ्यात खालची ओळ वाचायला सांगितली. टॅक्सीवाला "पाटी कुठंय?" असे विचारत होता, तेवढ्यात बाहेर दुकानाचे दार वाजले आणि चष्मेवाल्यांच्या बायकोचा आवाज आला.

"अहो, आईचा चष्मा झालाय ना? मी तिकडेच निघालेय. नेते बरं का!"

"काउंटरवर आहे, ने!" चष्मेवाले आतूनच ओरडले आणि पुढची काच पुसू लागले.

माणसाचे वाटोळे करणारी वाक्ये फारशी लांबलचक नसतात. हे त्यांतलेच एक होते. कारण काउंटरवर त्या वेळी चष्म्याची दोन घरे ठेवलेली होती. साध्या प्लास्टिकच्या घरात सासूबाईंचा चष्मा होता. दुसरे घर नवे कोरे, आतून मखमल लावलेले होते, आणि त्यात चष्मा नव्हता.

त्यात आगगाडीचा डबा होता.

चष्मेवाल्यांना जपानी आगगाड्यांचा नाद होता. खऱ्या नव्हे, खऱ्यांपेक्षा दीडशेपट लहान. बोटभर रुंदीच्या रुळांवरून धावणाऱ्या, आत खुर्च्या असलेल्या, पुढे दिवे लागणाऱ्या. ज्याला हा नाद नाही त्याला ते खेळणे वाटते. चष्मेवाल्यांच्या तोंडावर 'खेळणे' म्हणणाऱ्या माणसाला मात्र पुढचा चष्मा दुसऱ्या दुकानात करावा लागे.

नाद वाईट नव्हता, पण अंगाने वाढता होता. आधी कपाटाचा एक खण गेला, मग पलंगाखालची जागा, मग पलंग. एके दिवशी मेहुण्याला आणायला खऱ्या स्टेशनवर जायचे होते आणि त्याच वेळी पलंगावरून जपानी गाडी ठरल्या सेकंदाला सोडायची होती. मेहुणा बॅगा घेऊन फलाटावर ताटकळत राहिला. गाडी मात्र अगदी वेळेवर सुटली.

त्या दिवशी बायकोने बजावले, "यापुढे ह्या घरात एक जरी गाडी आली, तर मी आईकडे निघून जाईन. आणि जाताना आहेत त्या सगळ्या गाड्या भंगारात घालून जाईन!"

पहिला भाग ऐकून चष्मेवाल्यांना वाईट वाटले आणि दुसरा ऐकून घाम फुटला. त्यांनी शपथ घेतली. गाड्या खोक्यांत भरून माळ्यावर टाकल्या. बायको मैत्रिणींना सांगू लागली, "ह्यांनी सोडलं हो! एका दिवसात सोडलं." एखाद्याने दारू सोडल्यावर सांगतात, तस्सेच.

शपथ पुष्कळ दिवस टिकली. मग एके दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांना फोनवर एका जपानी दुकानाच्या जाहिरातीत ती दिसली. दुधी रंगाची, लाल पट्ट्याची, फुगीर नाकाची जुनी एक्स्प्रेस. कंपनीने ती करणे कधीच बंद केले होते आणि जगभरचे नादिष्ट तिच्यासाठी उसासे टाकत होते. चष्मेवाल्यांनी डोळे मिटून बटण दाबले. पार्सल अर्थात दुकानाच्या पत्त्यावर आले.

आता ती घरी न्यायची कशी? तेव्हा त्यांना शोध लागला, की या गाडीचा एक डबा चष्म्याच्या घरात अगदी मापाने केल्यासारखा बसतो. आणि चष्मेवाल्याच्या खिशात चष्म्याचे घर असण्यात संशय घेण्यासारखे काय आहे? रोज एक डबा खिशातून घरी न्यायचा आणि माळ्यावरच्या खोक्यात दडवायचा. शपथ गाडी न आणण्याची होती, एक डबा म्हणजे काही गाडी नव्हे. ही पळवाट त्यांनी स्वतःच काढली आणि स्वतःच मंजूर केली.

बाकीचे सगळे डबे सुखरूप पोचले. आज राहिला होता तो पुढचा, फुगीर नाकाचा. त्याच्याशिवाय बाकीचे डबे म्हणजे वऱ्हाड जमलेय आणि नवरदेवाचाच पत्ता नाही, अशी गत. त्याला बापडे प्लास्टिकचे घर कसे द्यायचे? म्हणून त्यांनी काचेच्या कपाटातले मखमलीचे घर काढले. आणि समोर मखमल आणि प्लास्टिक अशी दोन घरे असताना कुठली मुलगी आपल्या आईसाठी प्लास्टिक उचलेल?

नवी काच घ्यायला चष्मेवाले बाहेर आले, तेव्हा काउंटरवर एकच घर उरले होते. त्यांनी ते उघडले. आतून सासूबाईंचा चष्मा त्यांच्याकडे डोळे वटारून पाहत होता. बायको अजून रस्त्यात असेल, फोन करावा तर काय सांगावे, अशा विचारात त्यांचा बराच वेळ गेला आणि मग फोनच वाजला. सासूबाईंचा होता.

"जावईबापू, चष्मा मिळाला हो. घर किती छान दिलंत! मऊ मऊ."

"आई, तो चष्मा—"

"पण चष्मा काही जमला नाही. काड्याच उघडत नाहीत."

"उघडू नका!"

"आणि काचा किती बसवल्यात त्या! मला दिसत नाही, पण हाताला लागतायत की. ह्या बाजूला ओळीनं, त्या बाजूला ओळीनं. मी दोनच सांगितल्या होत्या."

"आई, तो तुमचा नाहीये. दुसऱ्या एका माणसाचा आहे."

"एवढ्या काचा लागतात त्याला? अरेरे, बिचारा!"

"आई, तो खाली ठेवा. रुमाल अंथरा आणि त्यावर अलगद ठेवा. तुमची लेक कुठंय?"

"ती दारातूनच देऊन गेली. कोपऱ्यावर केस कापायला गेलीय, तासाभरात येते म्हणाली. आणि तुम्ही नका काळजी करू. मी शेजारच्या पक्कडकाकांना हाक मारलीय. ते म्हणाले, काडी जाम असेल तर उपसूनच काढतो."

"थांबवा त्यांना!" चष्मेवाले ओरडले, पण सासूबाईंनी फोन ठेवला होता. पक्कडकाका निवृत्त होते आणि पक्कड घेऊन जिन्यातून हिंडत असत. त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा कधी बिघडत नसे, कारण ती पुन्हा कधी चालतच नसे. सासूबाईंची दारावरची घंटा त्यांनी दुरुस्त केली होती. तेव्हापासून घंटेचे बटण दाबले की जिन्यातला दिवा जाई.

चष्मेवाल्यांनी सासूबाईंचा चष्मा खिशात घातला आणि मागच्या खोलीत धाव घेतली. टॅक्सीवाला अजून पाटी शोधत होता.

"तुमची टॅक्सी कुठंय?"

"दारात. पण साहेब, मला दिसत—"

चष्मेवाल्यांनी त्याच्या फ्रेममधली काच काढून दुसरी सरकवली. "आता?"

"अरे वा! तुम्हाला मिश्या आहेत होय?"

"आहेत. चला!"

टॅक्सीवाला नाकावरच्या जड फ्रेमसकट गाडी हाकू लागला. त्याला दिसायला लागले हे चांगले झाले, पण जरा जास्तच दिसायला लागले. प्रत्येक पाटीपाशी तो गाडी हळू करी.

"'येथे वाहने उभी करू नयेत.' अरेच्चा! मी रोज इथंच लावतो. मला वाटायचं, 'सुस्वागतम्' लिहिलंय."

"अहो, पुढं बघा!"

"पुढं काय, पुढं नेहमीचाच रस्ता आहे. हा बघा, हा दवाखाना! मी इथं चहा विचारला होता एकदा."

चष्मेवाल्यांच्या डोळ्यांपुढे मात्र एकच चित्र होते: दुधी रंगाचे फुगीर नाक आणि त्यावर आवळत चाललेली पक्कड.

सासूबाईंच्या घराचे दार उघडेच होते. आत जेवणाच्या टेबलाशी सासूबाई बसल्या होत्या आणि समोर पक्कडकाका वाकले होते. पक्कडकाकांनाही जवळचे काही दिसत नव्हते. त्यांचा चष्मा दुरुस्तीसाठी चष्मेवाल्यांकडेच पडून होता, कारण चष्मेवाल्यांना डब्यांच्या ने-आणीतून सवड नव्हती. आपण केलेल्या चुका अशा एकमेकींचा हात धरून आपल्याला भेटायला येतात.

"माल मजबूत आहे हो वहिनी," पक्कडकाका म्हणत होते. "काडी हलतच नाही. तेल सोडलं, तरी नाही. आता मुळापासूनच धरतो." आणि त्यांनी डबे एकमेकांना जोडायचा, डब्याच्या मागचा इवलासा आकडा पकडीत धरला.

"काका, हात वर!" चष्मेवाले दारातून किंचाळले.

दरोडा पडल्यासारखे पक्कडकाकांनी दोन्ही हात वर केले. पक्कड उडून सोफ्यामागे गेली. डबा सुटला आणि तेल प्यायलेल्या चाकांवरून टेबलाच्या कडेकडे सुसाट निघाला. चष्मेवाले पोचण्यापूर्वीच तो खाली गेला असता, पण आवाजाच्या रोखाने सासूबाईंनी सहज तळहात पुढे केला. डबा येऊन त्यात थांबला.

चष्मेवाल्यांनी आधी डबा पाहिला. आकडा शाबूत होता, नाक शाबूत होते. मग खिशातला चष्मा काढून सासूबाईंच्या नाकावर ठेवला. सासूबाईंनी हातातल्या वस्तूकडे पाहिले.

"अगंबाई! ही तर आगगाडी!"

"कुठंय?" म्हणत पक्कडकाका खिडकीकडे धावले.

चष्मेवाल्यांपुढे दुसरा इलाज नव्हता. त्यांनी सगळे सांगितले. जाहिरात, पार्सल, मखमल, शपथ आणि शपथेतली पळवाट. "आई, तिला कळलं तर ती तुमच्याकडे येऊन राहील आणि माझ्या सगळ्या गाड्या भंगारात जातील," ते म्हणाले. सासूबाई ऐकत होत्या की नाही कोण जाणे. त्या डबा टेबलावरून पुढे-मागे करत होत्या.

"दिवे लागतात का हो हिचे?"

"लागतात. रुळांवर ठेवली की. पण आई, तेवढी द्या, तुमची लेक यायच्या आत—"

"आत खुर्च्या आहेत. निळ्या! आणि डोकं टेकायला पांढरे कपडे घातलेत बघा."

"आहेत. द्या ना, आई."

त्यांनी हात पुढे केला आणि त्याच क्षणी जिन्यातला दिवा गेला. कोणीतरी घंटेचे बटण दाबले होते. कोणीतरी म्हणजे बायकोच, आखूड केस कापून.

"तुम्ही इथं काय करताय? आणि खाली एक टॅक्सीवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला पाट्या वाचून दाखवतोय. त्याच्या नाकावर आपल्या दुकानातली फ्रेम आहे. काय प्रकार आहे हा?"

"केस छान कापलेस," चष्मेवाले म्हणाले.

"विषय बदलू नका." तिची नजर टेबलावर गेली आणि तिथेच थांबली. "आई, तुझ्या हातात काय आहे?"

"गाडी."

"कोणाची?"

चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घेतले.

"माझी," सासूबाई म्हणाल्या. "मी मागवलीय. तुम्ही मुलं मला गुडघ्याचे पट्टे आणता, गरम पाण्याची पिशवी आणता, बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून देता. सगळं कामाचं! म्हाताऱ्या माणसाला बिनकामाचं कुणी काही आणतच नाही. मला हवी होती, म्हणून जावईबापूंना म्हटलं, तुम्हाला ठाऊक असेल कुठं मिळते ती."

यातले सुरुवातीचे आणि शेवटचे धादांत खोटे होते. मधले सगळे इतके खरे होते, की पक्कडकाकांनीसुद्धा खिडकीतून मान आत घेतली. बायकोचे डोळे भरून आले.

"अहो, तुम्ही आईसाठी आणलीत? आणि मी मेली दारातून बघितल्या बघितल्या भलतंच समजले."

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. ते विनयासारखे दिसले.

"पण एकच डबा कसा?" बायको म्हणाली. "बाकीची गाडी कुठंय?"

"येणार आहे," सासूबाई डब्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "आणून देणार आहेत ते. एकेक करून."

मग काय, चोरून घरात आणलेले डबे चष्मेवाल्यांना चोरूनच घराबाहेर काढावे लागले. पुन्हा खिसा, पुन्हा चष्म्याचे घर, फक्त उलट्या दिशेने. रूळ आणि वेग कमी-जास्त करायचे यंत्र बायकोनेच माळ्यावरून काढून दिले. "नाहीतरी तुम्हाला काय उपयोग त्याचा," ती म्हणाली.

आता दर रविवारी ती दोघे सासूबाईंकडे जातात. जेवणाच्या टेबलावर रूळ मांडलेले असतात आणि सासूबाई नाकावर चष्मा लावून गाडी सोडतात. त्या गाडी उशिरा सोडतात. मधेच थांबवून चहा घेतात. फुगीर नाकाचा डबा गाडीच्या मधोमध जोडतात, कारण तिथे तो त्यांना नीट दिसतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. एकदा वळणावर गाडी इतक्या वेगात आली, की चष्मेवाल्यांचा हात आपोआप यंत्राच्या बटणाकडे गेला.

"अहो!" बायकोने तो वरच्या वर धरला. "आई, ह्यांच्या हातात देऊ नकोस हं. एकदा हात लागला की पुन्हा सुरू होईल ह्यांचं."

"छे छे, मी कशाला देतेय?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी वेग आणखी वाढवला.

पक्कडकाका शेजारच्या खुर्चीवर बसून बघत होते. बायकोने नवऱ्याचा धरलेला हात मायेने आपल्या मांडीवर ठेवला, वरून थोपटला आणि काकांना म्हणाली, "बघा ना, डोळ्यांसमोर गाडी धावतेय, पण हा माणूस जागचा हलत नाही. मनावर घेतलं ना काका, की माणूस काहीही सोडू शकतो."