बांधावर उगवलेली ओळ

"अकरा वाजता दाखव. जमलं तर मंठ्यातूनच काम कर, नाही तर सोमवारपासून पुण्याला ये," असं पुण्याच्या कंपनीतल्या मिथुनसरांनी आकांक्षाला बजावलं होतं. घर सोडायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. काम तसं चिमूटभर. प्रोग्रॅमच्या कोणत्या ओळी टेस्टमध्ये तपासल्या गेल्या याचा अहवाल असा बदलून द्यायचा, की प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरमध्ये तपासलेल्या ओळी हिरव्या दिसाव्यात आणि राहिलेल्या लाल.

रंग आले की! पण कोऱ्या ओळीही हिरव्यागार झाल्या. दोष एडिटरचाच, असं म्हणून तिनं तो नव्यानं डाउनलोड केला. त्यात मोबाइलचा दिवसभराचा डेटा संपला. मग आईच्या, म्हणजे झुंबरबाईंच्या फोनवरून इंटरनेट घेतलं. त्याला रेंज फक्त खिडकीत, म्हणून फोन धरून झुंबरबाई स्वतःच खिडकीत उभ्या राहिल्या. कुणाचा फोन आला की इंटरनेट तुटायचं, तेव्हा येईल तो फोन त्या कापत सुटल्या.

नेमके ते फोन दैवशालाचे होते. कापसात नांग्या भरायला, म्हणजे न उगवलेल्या जागी पुन्हा बी टोचायला, ती सहा बाया घेऊन यायची होती. पाचव्यांदा फोन कापला तशी ती सहाही बायांसकट थेट घरात येऊन थडकली.

"मावशी, काय झालं? फोन कामून कापून राह्यल्या?"

"हळू बोल! पोरीची परीक्षा हाय. हिरवं ते उगवलं, लाल ती नांगी."

दैवशालानं डोळे बारीक करून स्क्रीनकडं पाहिलं. "ही वळ तं कोरी हाय. मंग बांधावर कसं काय उगवलं?"

झुंबरबाई लेकीकडं वळल्या. "पोरी, पहिली वळ बांधावरून तं न्हाई मोजली?"

आकांक्षानं कपाळावर हात मारला. अहवाल ओळी शून्यापासून मोजत होता, एडिटर एकापासून. सगळे रंग एकेक ओळ वर सरकले होते. तिनं प्रत्येक आकड्यात एक मिळवला आणि सगळं जिथल्या तिथं बसलं. अकराला दोन मिनिटं कमी होती.

व्हिडिओ कॉलवर मिथुनसर पाहून हरखले. "वा! आता मी लिहिलेल्या प्रोग्रॅमची फाइल उघड."

उघडली. वरपासून खालपर्यंत लालभडक. सर खाकरले. "आकांक्षा, पुण्याचं राहू दे. फक्त हे टीमला दाखवायच्या आधी मला दोन दिवस दे."

आकांक्षाला नाचावंसं वाटलं.

"साहेबाच्या किती नांग्या निघाल्या?" दैवशालानं विचारलं.

"सगळं वावरच!"

"मंग नांग्या भरून भागत न्हाई," झुंबरबाई खिडकीतून म्हणाल्या. "त्यायला म्हणावं, दुबार पेरणी करा."

माइक चालूच होता.

"करतो, मावशी," मिथुनसर म्हणाले.