घाम फुटलेला पेला

स्फटिक कोरण्यात अख्ख्या मिलानमध्ये माझा हात धरणारा कुणी नाही. हे मी सांगत नाही, माझी मोडलेली पाठ सांगते! चार वर्षं एकाच पेल्यावर वाकलो, तेव्हा कुठे त्यावर जलपरी उमटली आणि खाली सोन्याची बैठक चढली.

पेला ड्यूकसाहेबांच्या हाती देताना थकल्या तोंडाला उगाच जोर आला. म्हणालो, "हुजूर, अस्सल स्फटिक! आत विष पडलं की क्षणात धुरकटतो!"

आम्ही सगळेच कारागीर हे सांगतो. गिऱ्हाईक खूश होतं, आणि विष घालून कोण बघतंय!

जुलैचा उकाडा होता. हुजूर म्हणाले, "ओता!"

ओतणारा माझाच मेहुणा, ताद्देओ. दाजींच्या पेल्याचा मान म्हणून या शहाण्याने वाइनची सुरई सकाळपासून बर्फात पुरून ठेवलेली. वाइन पडली मात्र, पेला पांढराफटक! जलपरीच्या नाकावरून थेंब ओघळू लागला.

"विष!" हुजूर खुर्चीसकट मागे सरकले. पहारेकऱ्यांनी ताद्देओचं बखोट धरलं.

"दाजी, बोला ना! फासावर जाईन मी!"

त्याच्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, कुठल्या तोंडाने सांगणार होतो? "हुजूर, वाइन गार आहे, म्हणून..."

"म्हणजे तुझा पेला खोटं बोलतो?"

"छे छे, हुजूर!"

"मग तुझा मेहुणा विष घालतो?"

"नाही हो!"

"मग पी तूच!"

प्यालो. वाइन झकास होती. मग सगळे माझ्या मरणाची वाट बघत बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला काही काम नव्हतं. भिंतीला टेकलो, आणि डोळाच लागला.

"मेला! मेला!" ताद्देओने हंबरडा फोडला म्हणे.

पहारेकऱ्याने वाकून कान लावला. "घोरतोय, हुजूर."

ताद्देओ सुटला. मला हलवून उठवलं. हुजूर पेल्याकडे डोळे वटारून बघत होते.

"चहाडखोर आहे हा! निष्पाप माणसावर आळ घेतो. उद्या परक्या राजदूतासमोर धुरकटला तर लढाई व्हायची! घेऊन जा. दुसरा कर, विषातलं ओ की ठो न कळणारा."

मी मोडक्या पाठीवर हात ठेवला. "हुजूर, अजून चार वर्षं जातील!"

"जाऊ देत," हुजूर म्हणाले. "झोप तर झालीच आहे तुझी!"