चार सेकंदांचा बगळा

आमच्या चित्रपट कंपनीला पन्नास वर्षं पूर्ण होत असल्याने, चित्रपटाच्या आरंभी पडद्यावर हलणाऱ्या बोधचिन्हाचा साद्यंत इतिहास लिहिण्याची जबाबदारी व्यवस्थापकांनी माझ्यावर सोपवली. चिन्ह विभागात मी सत्तावीस वर्षं काढली आहेत. हा विभाग चित्रपट विभागाहून मोठा आहे हे नवख्याला सांगावं लागतं. पण एकदा जागा बघितली की तोही पुन्हा विचारत नाही, कारण चित्रपट विभाग आमच्या जिन्याखाली बसतो.

संस्थापकांनी पहिल्या चित्रपटाआधी स्वतःच्या हाताने एक बगळा काढला. बगळा एका पायावर उभा आहे, पंख उघडतो, संपलं. चार सेकंद. संस्थापक गेल्यावर त्यांच्या जावयांनी रंगीत बगळा आणला, तो घिरट्या घालत असे. जुना काढायची वेळ आली तेव्हा संस्थापकांच्या पत्नीने भर सभेत डोळे पुसले. लगेच ठराव झाला, की नवं जोडावं, जुनं काढू नये. ठराव मायेपोटी झाला होता, म्हणूनच तो पुढे कोणाच्या बापाला मोडता आला नाही.

मग नातवाने संगणकावरचा बगळा आणला. याचं एकेक पीस वेगळं हलतं. त्यासाठी चौदा माणसांचा पिसे विभाग निघाला. दोन वर्षांत पिसं संपली. माणसं नुसती बसलेली बरी दिसत नाहीत, म्हणून बगळ्याला आणखी पिसं दिली. ती दिसावीत म्हणून उड्डाण लांबवलं. उड्डाणाला समुद्र लागला, समुद्राला सूर्योदय, सूर्योदयाला ढग. ढगांचा विभाग हवेशीर खोलीत आहे.

पुढे कंपनीला भागीदार मिळाला. त्याचं चिन्ह मासा. बगळा आणि मासा एका पडद्यावर कसे आणायचे, यावर समितीच्या सात बैठका झाल्या. बगळ्याची नजर चांगली नाही, असं भागीदाराचं म्हणणं. शेवटी बगळ्याने मान खाली घालून उभं राहावं, माशाने निर्धास्त पोहत निघून जावं आणि मगच बगळ्याने पाण्यात पाय घालावा, असं सर्वानुमते ठरलं. मला तर ते बघताना भरून येतं. जन्मजात खोड अशी सोडलेली माणसांतही कुठे दिसते?

अशी चार सेकंदांची एकतीस मिनिटं झाली. चित्रगृह मात्र एका खेळाला दोनच तास देतं. पूर्वरंग रंगला तर कोणाला नको असतो? पण उत्तररंगाला जागा उरेना. तेव्हा परिपत्रक निघालं: ‘चित्रपटाची लांबी चिन्हास बाधा येणार नाही इतकीच ठेवावी.’

त्या वर्षी एका तरुण दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट तयार झाला होता. सात वर्षं खपला होता बिचारा. चित्रपट एकशे चार मिनिटांचा. पंधरा मिनिटं काढायला सांगितली, तेव्हा तो माझ्या टेबलाशी येऊन बसला आणि कुठली काढू म्हणून विचारू लागला. मी त्याला व्यवस्थापकांकडे पाठवलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, स्वतः उठून पाणी दिलं आणि म्हणाले, “मधली काढ रे. मधलं कोणाच्या लक्षात राहत नाही.”

संकलन करणाऱ्या ताईंनी मधली काढली. नंतर चाचणीचा खेळ झाला. मासा सुखरूप गेल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या गोंधळात सूर्योदय वाया गेला. म्हणून टाळ्यांसाठी जागा सोडायची ठरली. जिथे टाळ्या पडल्या नव्हत्या तिथेही सोडली, उगाच कोणत्या विभागावर अन्याय नको. यात नऊ मिनिटं गेली. ताईंनी पुन्हा कात्री घेतली.

एवढ्यात माझा इतिहास लिहून झाला. तो सगळ्यांना इतका आवडला, की तो चित्रित करून चिन्हाच्याही आधी दाखवावा असं वरून आलं. चिन्हाचं महत्त्व ठाऊक नसताना लोकांनी चिन्ह बघावं, हे बरोबर नव्हतंच. फक्त माझी संमती हवी होती.

ताई एरवी कामाशी काम ठेवणाऱ्या, पण त्या दिवशी त्या दिग्दर्शकाला घेऊन माझ्याकडे आल्या. “काका, तुम्ही नको म्हणालात तर थांबेल,” त्या म्हणाल्या. “कागदावर छान आहे की ते. राहू द्या कागदावर.”

तो माझ्याकडे बघत उभा राहिला.

देवाशपथ सांगतो, मला त्याची फार दया आली. पण सत्तावीस वर्षांत माझं नाव एकदाही पडद्यावर आलं नव्हतं. आटोपशीर करा, असं बजावून मी सही केली. आटोपशीर एकाहत्तर मिनिटांचं झालं. त्याच्या चित्रपटाला नऊ उरली.

पहिल्या खेळाला चित्रगृह गच्च भरलं होतं. दिग्दर्शक आईला घेऊन माझ्या पुढच्याच रांगेत बसला होता. माझ्या नावावरून बगळा उडत गेला तेव्हा टाळ्या पडल्या. माझे डोळे ओलावले. माशाला तर लोक उभे राहिले. मग चित्रपट लागला. लोकांना वाटलं, आता शेवटची नामावली येणार. ते बसलेच नाहीत, पिशव्या गोळा करू लागले.

“सुरू कधी होणार रे?” आईने विचारलं.

“सुरू झालाय, आई. तो बघ.”

उभ्या माणसांच्या पाठींमधून दिसेल तेवढं दोघं बघत राहिले.

बाहेर लोकांनी मला गराडा घातला, माझे हात हातात घेतले. चित्रपट कशावर होता, हे एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. पण त्यांच्यावर रागावू नका. तुम्हीही इथवर आलात, पिसं न्याहाळलीत, माशाची काळजी केलीत. त्या पोराला सात वर्षं काय सांगायचं होतं, हे तुम्ही तरी कुठे विचारलंत?