अतिग्रे सरांचं सरकतं घर

अतिग्रे सर पाचकमान तालमीचा फुटबॉल संघ सोडून दीपमाळ तालमीकडं जाणार, अशी चर्चा पेठेत सुरू झाली आणि त्याच संध्याकाळपासून त्यांचं घर दीपमाळ पेठेच्या दिशेनं सरकायला लागलं.

ते पहिल्यांदा लक्षात आलं आक्काताई इंगवल्यांच्या, कारण सरांचं घर आणि आक्कांची पिठाची गिरणी यांच्यामधली भिंत एकच होती. आक्का कुणाचे तरी गहू गिरणीत ओतत होत्या आणि एवढ्या वर्षांत जिथं कधी ऊन आलं नव्हतं त्या दाराजवळच्या कोपऱ्यात ऊन पडलं. बाहेर येऊन बघतात तर दोन घरांच्या मध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट. पलीकडं सरांच्या पत्नी माधवीवहिनी हातात झारा घेऊन उभ्या.

"आक्का, तुमची गिरणी मागं गेली का हो?"

"न्हाई बाई. मी हाय तिथंच हाय. तुमचंच घर पुढं गेलंय."

"असं होय. मग ह्यांना सांगते," म्हणून वहिनी भजी काढायला वळल्या.

भिंत आक्कांच्या वाट्याला राहिली. वहिनींच्या स्वयंपाकघराला त्या बाजूनं भिंतच उरली नाही, तेव्हा त्यांनी तिथं एक फुलाफुलांची चादर बांधून घेतली.

चर्चेला कारण घडलं होतं. पाचकमान आणि दीपमाळ या शहरातल्या दोन जुन्या तालमी. कुस्ती केव्हाच मागं पडून दोन्हीकडं फुटबॉल आलेला, आणि वैर मात्र तेच राहिलेलं. अशात समोरच्या गॅरेजवाल्या रमजान तांबोळीनं सरांना दीपमाळच्या एका माणसाबरोबर चहा पिताना पाहिलं. तो आक्कांच्या बाकड्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "सर जात्यात बघा."

"चहाच तर प्याले. त्यात काय?" आक्का म्हणाल्या.

"नुसता चहा असता तर मी बोललो नसतो. सरांच्या पायात निळे बूट हुते."

निळा हा दीपमाळचा रंग. बाकड्यावरची सगळी एकदमच बोलायला लागली. सरांच्या थोरल्या मुलीचं कॉलेज तिकडंच आहे. दीपमाळवाल्यांनी नवीन मैदान केलंय. सर परवा सरावात नुसतेच आभाळाकडं बघत होते.

घर आणि चर्चा यांचा संबंध रमजाननंच शोधून काढला. सरांच्या उंबऱ्यापुढं त्यानं एक वीट ठेवली आणि माणसांना सांगितलं, बोला. माणसं बोलली तशी वीट पुढं ढकलली गेली. मग म्हणाला, आता गप्प बसा. घर थांबलं. "म्हणजे आपल्यामुळं जातंय हे," रमजान म्हणाला, आणि या शोधावर बाकड्यावर एवढी चर्चा झाली की घर गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभं राहिलं.

सर स्वतः यावर काहीच बोलले नाहीत. ते मुळातच कमी बोलणारे. सकाळी शिट्टी गळ्यात अडकवून पाचकमानच्या मैदानावर यायचे, पोरांना पळवायचे, आणि परत जाताना गिरणीशी थांबून विचारायचे, "आक्का, घर कुठवर गेलंय?"

"रॉकेलच्या डेपोजवळ हाय. वहिनींनी कपडे वाळत घातल्यात, लांबनं दिसंल तुम्हास्नी."

"बरं," म्हणून सर चालू लागायचे.

घर मुख्य रस्त्याला लागलं तेव्हा वाहतूक पोलीस आले. पण घर डाव्या बाजूनं चाललं होतं आणि कुणाला आडवं जात नव्हतं, त्यामुळं त्यांना बोट ठेवायला जागा मिळाली नाही. मग अतिक्रमण विभागाचे एक साहेब आले. त्यांनी घराभोवती एक फेरी मारली, चादर बाजूला करून आत डोकावले आणि वहिनींनी दिलेलं पाणी प्याले.

"अतिक्रमण कशाला म्हणतात?" त्यांनी जमलेल्या लोकांना विचारलं. "जे येऊन बसतं त्याला. हे कुठं बसलंय?"

"मग बसल्यावर या," कुणीतरी म्हणालं.

"बसेपर्यंत दुसऱ्या वॉर्डात गेलेलं असेल. तो वॉर्ड माझ्याकडं नाही." साहेब मोटारसायकलवर बसून निघून गेले.

आक्कांना करमेना. नवरा गेल्यापासून त्या भिंतीपलीकडच्या आवाजांवर दिवस काढत आल्या होत्या. कुकरच्या शिट्ट्या, सरांचं खाकरणं, वहिनींचं रेडिओबरोबर गुणगुणणं. आता गिरणी बंद केली की एकदम सुनसान वाटायचं. मोकळ्या झालेल्या जागेत लोक स्कूटरी लावायला लागले. आक्का झाडू घेऊन त्यांच्या अंगावर जायच्या. "घर येणार हाय हितं. काढा गाड्या."

शेवटी तालमीत बैठक बसली. अध्यक्ष सदानंद मेंगाणे उभे राहिले. मेंगाण्यांचा आवाज मोठा होता आणि त्यांना तो वापरायला आवडायचा. "अतिग्रे सर आपलेच आहेत," ते म्हणाले, "आणि मंडळाचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे, हे मी इथं जाहीर करतो."

टाळ्या पडल्या. त्या संध्याकाळी घर जेवढं सरकलं तेवढं त्याआधी कधीच सरकलं नव्हतं. भाजी मंडई ओलांडून ते थेट जुन्या नाक्यापर्यंत गेलं. मंडळानं पूर्ण विश्वास जाहीर केला म्हणजे आता काही खरं नाही, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मेंगाण्यांनी मग उलटा हुकूम काढला. सरांबद्दल कुणी काहीच बोलायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. लोकांनी ते पाळलं. आक्कांच्या बाकड्यावर माणसं पाऊसपाणी, लग्नकार्य असलं काहीबाही बोलत बसली आणि घर नाक्यावर थांबलं. वहिनींनी दारात रांगोळी काढली.

पण गप्प बसण्याचाही एक अर्थ निघतो. "आपली माणसं काहीच बोलंनात," रमजान एका दुपारी हळूच म्हणाला, "म्हणजे आतून ठरलंय वाटतं." एवढ्यावर घर हललं. आणि दीपमाळवाल्यांच्या तोंडाला तर कुणी कुलूप लावलेलं नव्हतंच. ते उघड उघड बोलत होते, वाट बघत होते, हाराची ऑर्डर देऊन बसले होते. अंतिम सामन्याच्या आधीच्या रविवारी घर दीपमाळ पेठेत शिरलं आणि एका सलूनच्या शेजारी मोकळ्या जागेत चपखल बसलं. दीपमाळवाल्यांनी उंबऱ्याला हार घातला. वहिनींनी चादर सोडून ठेवली, कारण सलूनची भिंत मिळाली होती.

अंतिम सामना पाचकमान आणि दीपमाळ यांच्यातच होता. आक्का पाचकमानच्या गॅलरीत नेहमीच्या जागी येऊन बसल्या. त्यांचे मालक एके काळी पाचकमानचे गोलकीपर होते, आणि अंतिम सामना आक्कांनी कधी चुकवला नव्हता. सर मैदानात आले आणि दोन्ही बाकांच्या मध्ये उभे राहिले. संयोजकांपैकी एकजण त्यांच्याजवळ गेला.

"सर, राहायला कुठं?"

"सध्या सलूनशेजारी."

"म्हणजे दीपमाळ. मग तिकडं बसा."

सर तिकडं बसले. पाचकमानच्या गॅलरीतून कुणी ओरडलं नाही. पत्ता खरोखरच तसा होता, त्यावर बोलायचं काय? मेंगाण्यांनी तेवढी टोपी काढून घाम पुसला. आक्कांनी मात्र सरांकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि सबंध सामनाभर त्यांच्याकडंच बघितलं.

सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टीवर आला. पाचकमानचा कुठला पोरगा चेंडू कुठल्या कोपऱ्यात मारतो, हे सरांना पाठ होतं. त्यांनीच शिकवलेलं. दीपमाळचा गोलकीपर गोलात उभा राहायच्या आधी बाकाकडं धावत आला.

"सर, हा कुठं मारतोय?"

सरांनी दोन्ही हात खिशात घातले.

"मला नाही सांगता यायचं," ते म्हणाले.

गोलकीपर डावीकडं झेपावला, चेंडू उजवीकडून गेला. पुढच्या वेळी तो पुन्हा आला. सरांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. पाचकमान जिंकली. गॅलरीत गुलाल उडाला, रमजान लोखंडी जाळीवर चढला. सर बाकावरून उठले, हरलेल्या पोरांच्या पाठीवर हात ठेवत एकेकाजवळ गेले आणि सलूनशेजारच्या घराकडं चालू लागले.

त्या संध्याकाळी दीपमाळच्या सलूनमध्ये दाढी करायला बसलेल्या माणसांत एकच विषय होता. सर मनानं तिकडचेच आहेत. सर परत जाणार. माणसांचं बोलणं संपायच्या आत सलूनच्या शेजारची जागा मोकळी झाली आणि घर परतीच्या रस्त्याला लागलं, या वेळीही डाव्या बाजूनंच.

पाचकमानमध्ये आनंद झाला. आक्कांनी मोकळी जागा धुऊन काढली. पण पाचकमानमध्येही माणसंच राहत होती. "यील म्हणताय खरं," रमजान म्हणाला, "पर सर त्यांच्या बाकावर बसलेवते. एकदा बसलेला माणूस पुन्यांदा बसतोय." यावर दोन बाजू पडल्या. दीपमाळची चर्चा घराला इकडं ढकलायची, पाचकमानची तिकडं. दोन्ही पेठांचा जोर सारखाच निघाला. घर जुन्या नाक्यावर, रस्त्याच्या बरोबर मधोमध येऊन थांबलं आणि पुढं हललंच नाही.

आता ते बसलं होतं, तेव्हा अतिक्रमण विभागाचे साहेब परत आले. पण नाक्यावरच दोन वॉर्डांची हद्द होती आणि ती सरांच्या माजघरातून जात होती. साहेबांनी निम्म्या घरावर कारवाई करता येते का ते बघितलं. येत नव्हती. मग महापालिकेनं घराच्या दोन्ही अंगांनी रस्ता वळवून दिला, सरांना नळ जोडून दिला, आणि बस तिथं थांबायला लागल्या. कंडक्टर "अतिग्रे, अतिग्रे" असं ओरडायचे. त्या नावाचं गाव कुठं आहे, असं कुणी नवखं माणूस विचारायचं. मग त्याला घर दाखवायचे.

संयोजकांनी ठरवलं की पत्ता नक्की होईपर्यंत सरांनी कुठल्याच बाकावर बसू नये. त्यामुळं सर सकाळी गच्चीवर उभे राहायचे. तिथून दोन्ही मैदानं दिसायची. सर शिट्टी वाजवायचे आणि दोन्ही पेठांतली पोरं एकाच वेळी पळायला लागायची.

एके दिवशी आक्का दळणाचा डबा घेऊन बसनं नाक्यावर गेल्या. वहिनींनी चहा टाकला. एका बाजूनं बस गेली, दुसऱ्या बाजूनं ट्रक गेला, कपबशा खुळखुळल्या. सर गच्चीवरून खाली आले.

"सर, एक इचारू?"

"विचारा की."

"तुम्हास्नी जायचं हुतं का खरंच?"

सर खुर्चीवर बसले.

"हे मला कुणी विचारलंच नव्हतं," ते म्हणाले. "मेंगाण्यांनी नाही. दीपमाळवाल्यांनीसुद्धा नाही."

"मी इचारतीया."

"नव्हतं जायचं, आक्का. मला कुठंच जायचं नव्हतं."

वहिनी गॅसकडं तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मग चहा गाळला.

आक्कांनी चहा संपवला. परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. सबंध रस्ता त्या विचार करत होत्या. हे पेठेत सांगितलं तर माणसं म्हणणार, सर तसंच म्हणणार की. कुणी म्हणणार, म्हणजे नक्कीच जाणार. मग दीपमाळला कळणार, ते त्यांचं बोलणार. घर उठून कुठल्या बाजूला चालू लागेल याचा नेम नव्हता, आणि नळ आत्ता कुठं जोडून मिळाला होता. सरांचं उत्तर त्यांच्या जिभेवर होतं आणि ते ठेवायला दुसरी जागा नव्हती.

गिरणीसमोर बाकडं भरलं होतं. आक्का बसमधून उतरताना दिसल्या तशी सगळी उठूनच उभी राहिली. मेंगाणेही आले होते.

"आक्का, सरांकडं गेलावता न्हवं?" रमजान दळणाचा डबा घेऊन पुढं झाला. "इचारलं काय? काय म्हणाले?"

आक्कांनी कुलूप काढलं, फळी उचलली आणि आत जाऊन पदर खोचला. मग रमजानच्या हातातला डबा घेतला, झाकण उघडून बघितलं.

"जोंधळं हाय व्हय," त्या म्हणाल्या. "बारीक दळू का जाड?"