बावीस पानं

"अगं, कुंडी स्वल्प इकडं फिरव. त्या अंगाचं दिसत नाहीये मला."

फोनच्या पडद्यावर सासूबाईंचा, शारदाबाईंचा, एकच डोळा आणि अर्धं कुंकू दिसत होतं. निवेदितानं कुंडी फिरवल्यासारखी केली आणि होती तशीच पुन्हा समोर धरली.

"आता दिसतंय, आत्याबाई?"

"सरी, सरी, दिसलं. बावीस पानं आहेत हं. मोजून आलेय मी."

पानं सतरा होती.

शारदाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी तीन महिने म्हैसूरला गेल्या होत्या. जाताना कपाटाच्या किल्ल्या शेजारी ठेवून त्यांनी झाड तेवढं नव्या सुनेच्या हाती दिलं होतं. जाड फुगीर पानं, त्यांवर सशाच्या कानासारखी मऊ पांढरी लव आणि कडांना तपकिरी ठिपके. "महिन्यातून दोनदा, चार चमचे पाणी. लवेला बोट लावायचं नाही. तुला काय सांगायचं म्हणा, तू तर यातलीच!"

सगळी भानगड त्या 'यातली'तच होती. लग्न ठरवताना निवेदिताच्या वडिलांनी "मुलगी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. आहे" हे तीनदा सांगितलं होतं. तिचा प्रबंध शेवाळावर होता, हे एकदाही सांगितलं नव्हतं. शेवाळ पाण्यात बुडून मजेत जगतं. हे झाड मेलं, तर सासूबाईंचा पहिला फोन के. आर. पुरमला तिच्या माहेरी जाणार, यात तिला शंका नव्हती.

म्हणून तिनं अठरा दिवस पाण्याचा थेंब घातला नव्हता. तरी माती ओली होती. तिनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर कुंडी ठेवली. सोमवारी सहाशे चाळीस ग्रॅम, मंगळवारी सहाशे पंचावन्न, बुधवारी सहाशे अडुसष्ट. पाणी न घालता कुंडीचं वजन वाढत होतं. त्याहून भयंकर म्हणजे, पाच पानं गळली होती आणि कुंडीखाली एकही सापडत नव्हतं.

"उंदीर असेल," प्राणेश बूट घालत म्हणाला.

"उंदीर पाणी घालतो?"

नवऱ्यानं डबा उचलला आणि तो ऑफिसला निघाला.

गुरुवारी पहाटे ती कुंडीच्या खिडकीजवळच्या पडद्याआड उभी राहिली. सहा वाजता देवघराचं दार करकरलं. ओल्या पंच्यातले सुब्बाराव, तिचे सासरे, ताम्हण सांभाळत खिडकीपाशी आले आणि संध्येचं सगळं पाणी त्यांनी कुंडीत रिकामं केलं. टप्‌कन एक पान गळलं. त्यांनी चोरासारखं इकडंतिकडं पाहिलं आणि ते पान कमरेला खोचलं.

"मामंजी!"

ताम्हण जमिनीवर गरगरत राहिलं.

"हे संध्येचं पाणी पायदळी येता उपयोगी नाही गं, दोष लागतो," सुब्बाराव पुटपुटले. "तुळस गच्चीवर, आणि माझा गुडघा हा असा."

"पण याची मुळं कुजतात रोजच्या पाण्यानं!"

"तीर्थानं कुणी मरतं का?"

निवेदितानं झाडाकडं बोट दाखवलं. सुब्बारावांनी पाहिलं आणि ते वेताच्या मोड्यावर बसले.

"हिला सांगू नकोस. वीस वर्षांपूर्वी लोणच्याची बरणी फुटली माझ्याकडून. अजून ऐकतोय."

त्या दिवसापासून घरात दोन भित्रे झाले. तिनं माती बदलली, काळी मुळं कापली, कुंडीत निम्मी वाळू घातली. ते गुडघा धरून गच्चीचा जिना चढू लागले. तरी पानं गळतच राहिली. "पानं मी बघतो," एवढंच ते म्हणत आणि उचलून नेत. शेवटी तीन उरली. त्या तिन्हींसमोर दोघं श्वाससुद्धा जपून घेत. फोन आला की निवेदिता म्हणायची, "आत्याबाई, इकडं नेटवर्कच नाही."

आणि मग, गेल्यापासून अडीच महिन्यांतच, न कळवता शारदाबाई दारात उभ्या राहिल्या.

"आधी देवाला नमस्कार करते."

सुब्बाराव निवेदिताकडं सरकले. "तिथंच ठेवलीयत मी," ते कुजबुजले. "तीर्थ लागलेली पानं केरात कशी टाकू?"

"निवेदिता! इकडं ये!"

देवघरापर्यंतची बारा पावलं तिनं मोजली. देवघराच्या खिडकीतल्या फोटोमागून शारदाबाईंनी जुनं ताम्हण ओढलं होतं. त्यात एकोणीस सुरकुतलेली पानं होती, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या देठाशी गुलाबी दोऱ्यासारखी मुळं आणि तांदळाएवढी, लव असलेली इवली पानं फुटली होती. कुणी लक्ष दिलं नव्हतं, कुणी पाणी घातलं नव्हतं. त्यांचं छान चाललं होतं.

"हे तू केलंस?"

सुब्बाराव जोरात खोकले.

"पानापासून... रोप होतं याचं," निवेदिता म्हणाली. वाक्य शंभर टक्के खरं होतं.

"एका झाडाची एकोणीस! एम.एस्सी. ती एम.एस्सी.च!" शारदाबाईंनी कौतुकानं तिच्या गालावरून हात फिरवला आणि त्या तरातरा बाहेर कुंडीच्या खिडकीकडं गेल्या. "मग ही तीन तशीच का ठेवलीस, खुळे?"

दोघं ओरडायच्या आत त्यांनी ती तीन पानं खुडली, ताम्हणात नेऊन मांडली आणि शेजारच्या काव्याक्काला वर्दी द्यायला बाहेर पडल्या.

कुंडीत एक उघडी काडी उभी होती. सुब्बारावांनी तिच्याकडं पाहिलं, गच्चीच्या जिन्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं,

"आता तीर्थ घालू का यात?"