छातीभर पाया

"पाया छातीभरच पायजे!" खुशालराव ओरडले आणि कुदळ मारली. टणकन आवाज झाला, कुदळ उसळून मागे आली आणि हाताला झिणझिण्या आल्या.

महाराष्ट्र झाला त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. खुशालरावांचा सगळा जन्म अकोटकडच्या काळ्या मातीत गेला. तिथं उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, म्हणून साधा गोठासुद्धा खोल पायावर उभा करतात. आता पातूरला वाडी घेतली, औजारांसाठी परसात टिनाची खोली काढली, तर वीतभर मातीखाली नुसता खडक. पण हा गडी असा हट्टी, की खडकाशीही भांडेल!

"अजी, खडकावरच भित रचा न्," त्यांच्या बायको माणिकबाई म्हणाल्या. "एवढा पक्का पाया फुकट भेटला."

"तुले काय समजते त्यातलं?" म्हणत खुशालरावांनी विहिरींसाठी सुरुंग लावून खडक फोडणाऱ्या ओमप्रकाशला बोलावून घेतलं.

ओमप्रकाशनं खडकात भोक पाडलं, बारूद ठासली. मग सगळ्यांचा चहा झाला. वरून चिखलाचा बोळा बसवून त्यानं वात पेटवली आणि "भागोऽऽ!" म्हणून आरोळी ठोकली. सगळे विहिरीच्या कठड्यामागे दडले. वात सुरसुरत भोकात गेली. कानात बोटं घालून माणसं बसली, पण काही फुटेना.

"आता कोनी तिकडं जाऊ नका," ओमप्रकाश घाबऱ्या आवाजात म्हणाला. "अडकलेला सुरुंग कवाबी उडते. माह्या काकाचा हात तसाच गेला."

तेवढ्यात चंद्री म्हैस खुंटा उपटून निघाली. आजउद्या व्यायला झालेली, घरची लाडकी म्हैस. ती डुलतडुलत थेट भोकापाशी गेली आणि चक्क त्यावर बसली!

"चंद्रेऽ! ये व माय, सरकीची ढेप देतो!" खुशालरावांनी कठड्यामागून हाक मारली. म्हैस रवंथ करत राहिली.

"जा, आना तिले," माणिकबाई म्हणाल्या.

"मी? अवं, फुटन न्!"

"छातीभर पाया कोनाले पायजे होता?"

खुशालरावांनी धोतर खोचलं. मारुतीचं नाव घेत, खडकावर जणू पापड वाळत घातलेत अशा बेतानं ते पावलं टाकू लागले. जवळ जाऊन त्यांनी कान ओढले, हात जोडले, शेवटी शेपटी पिरगाळली. म्हैस सावकाश उठली आणि मालकाला ओढत गोठ्याकडे चालू लागली.

घामानं निथळत खुशालराव ओट्यावर कोसळले. डोळ्यांना पाणी आलं होतं. "माणिके, मेलो असतो न् मी!"

"कायनं?" माणिकबाईंनी विचारलं. "तुमी चहा पेत होते तवा मी भोकात तांब्याभर पानी वतलं. माही चुलीची भित काय उडू देऊ?"

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं, तं तुमी दुसरा सुरुंग भरला असता."

खुशालरावांनी डोळे पुसले, एकदा खडकाकडे पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "ओमप्रकाश, जाता जाता नत्थुजी गवंड्याले निरोप दे. म्हनाव, उद्या भित रचाले ये. पाया भरून झाला."